मंगळवार, सात ते नऊ

किल्ल्या माझ्याकडे असतात.
साडेसहाला मी हॉल उघडतो, हीटर लावतो,
बारा खुर्च्या मांडतो, एक जास्तीची भिंतीशी ठेवतो.
कुणीतरी येतंच
दारातूनच "मला काढता येत नाही" म्हणत.

नेरिसची अट एकच:
आज सकाळी जिला हात लागला
अशी घरातली एक वस्तू आणा.
फुलं नकोत, समुद्र नको,
टेकडीवरचा किल्ला तर मुळीच नको,
वेल्समधल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर तो आधीच आहे.

मग टेबलावर येतं
बेरिलचं सोलाणं, बटाट्याच्या एका लांब सालीसकट.
एलुनेडच्या नवऱ्याचा चष्मा,
काडी चिकटपट्टीने बांधलेली
(नवरा घरी चाचपडत बसलाय, लवकर ये म्हणालाय).
गेथिनचा डबा,
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं नेलेला.
भट्टी विझली तरी सकाळी हात तिकडेच जातो,
म्हणाला, आणि विषय बदलला.

गेथिनचा हात थरथरतो.
सरळ म्हणून निघालेली रेघ
ओढ्यासारखी वळत जाते.
तीन मंगळवार त्याने खोडरबरच जास्त चालवलं.
कागदाला भोक पडलं, भोकातून टेबल दिसलं.
नेरिस म्हणाली, टेबल छान आलंय.

इदिल त्या दिवशी उशिरा आली,
वृद्धाश्रमातल्या सलग दोन पाळ्या करून.
पिशवीतून निळा रबरी हातमोजा काढला,
फुंकून फुगवला, गाठ मारली.
तो टेबलावर उभा राहिला पाच बोटं वर करून,
वर्गात एकट्यालाच उत्तर येत असल्यासारखा.
आणि पेन्सिलीला टोक करता करता
ती झोपली.
बसल्या जागी, गाल मनगटावर, तोंड जरासं उघडं.

पेन्सिली थांबल्या.
मग एलुनेडने आपला कागद फिरवला,
आणि एकेक खुर्ची
न वाजता सरकली.
"विचारायला नको?"
"विचारायचं तर उठवावं लागेल."
हीटर घरघरत होता, तो मी बंद केला.
बेरिलने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला,
मग पुटपुटली, झालं,
आता कोटाच्या चुण्यासुद्धा काढा.

नऊला पाच कमी असताना ती जागी झाली.
टेबलभर ती स्वतः, अकरा वेळा झोपलेली:
एकीत नुसता कान,
एकीत हिजाबच्या घड्या डोंगराएवढ्या,
एकीत सावली चुकून ओठांवर मिशी झालेली.
ती बोलेना.
आम्ही आपापले बूट बघत राहिलो.
मग म्हणाली,
रात्रभर मी लोकांना झोपलेलं बघते.
दर तासाला दार लोटून,
श्वास चालू आहे ना, म्हणून.
मला कुणी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने:
मिशीवाली फाडा.

गेथिनचा कागद तिने उचलला.
खांद्याची रेघ हललेली, दुहेरी, कुठे तिहेरी.
ही, ती म्हणाली,
ही श्वास घेतेय.

गेथिनने डबा उघडून आत पाहिलं.
काही नव्हतं.
झाकण पुन्हा लावलं.

हातमोज्यातली हवा तोवर निम्मी गेली होती,
तो कुणीच काढला नव्हता.
मी खुर्च्या रचल्या, दिवे मालवले.
घड्याळात साडेनऊ.
नोंदवहीत लिहिलं:
नऊ वाजता बंद.
हजेरी बारा.
मोडतोड काही नाही.