तीन बाय चार सेंटिमीटर

देगूच्या बसस्टँडमागे, चष्म्याच्या दुकानाच्या वर
मी फोटो काढतो, नोकरीच्या अर्जाला चिकटवायचे.
काढायला दोन मिनिटं. उरलेला तास
मी लोकांचे केस लावत असतो.

बँकेचा अर्ज असेल तर कपाळ तीन बोटं ठेवायचं,
विमा कंपनीला साडेतीनही चालतं.
माउसचं टोक बारीक करून
एकेक केस ओढायचा, मुळाकडून शेंड्याकडे,
जरासा वाकडा,
कारण सरळ केस खोटा दिसतो.

परवा एक जण आला, चोवीसचा, मुलाखत सोमवारी.
म्हणाला, "फार नको. आईला ओळखू आलो पाहिजे."
मी त्याला दोनशे केस दिले,
पैसे फोटोचेच घेतले.

माझं वय सत्तावीस.
आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर जमतात ते मोजतो.
साठपर्यंत काळजी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
म्हणून मी साठला मोजणं थांबवतो.

सकाळी आरशात आधी डावा कोपरा,
मग उजवा, मग मोबाइल उंच धरून वरून,
स्वतःच्याच डोक्यावर
पाळत ठेवून असल्यासारखा.
वाऱ्याकडे तोंड करत नाही.
लिफ्टमध्ये दिव्याखाली उभा राहत नाही.
आई डब्यातून काळे सोयाबीन पाठवते, साखरेत परतलेले.
तिने काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही,
डबा मात्र दर महिन्याला मोठा होत गेला.

आमच्याकडे म्हणतात,
फुकटचं आवडणाऱ्याला टक्कल पडतं.
मी आठवून पाहतो काय काय फुकट घेतलं:
एक छत्री, कुणाची तरी बॅडमिंटनची रॅकेट,
हेरिमचे दोन हिवाळे.
"तू हल्ली टोपी काढतच नाहीस," ती म्हणाली होती.
मी म्हटलं, थंडी आहे.
मे महिना होता.

एप्रिलमध्ये थडग्यांची डागडुजी करायला
थेग्यू काकांबरोबर चंगदोला गेलो.
आजोबा तिथे, डोंगराच्या कुशीत,
मातीच्या गोल उंचवट्याखाली.
पुढचं गवत गेलं होतं.
दोन्ही बाजूंनी तांबडी माती आत शिरलेली,
मधोमध गवताची एक जीभ.
तो आकार मी झोपेतही ओळखला असता.

काकांनी टोपी काढून घाम पुसला.
त्यांच्याकडे तर जीभही उरलेली नाही.
"पाइनची सावली," म्हणाले,
"इथे काही टिकत नाही. दर तीन वर्षांनी लावतो."

हातगाडीत हिरवळीचे चौकोन होते, वीत वीत भर,
अजून हिवाळ्याच्या रंगाचे.
एकेक बसवायचा, कडेला माती दाबायची,
तळव्याने थापटायचं, तापातल्या मुलाला थापटतात तसं.
शेवटची ओळ मी थोडी वाकडी लावली.
काका पाहत राहिले.
"सरळ लावली तर खोटी दिसते," मी म्हटलं.
ते इतके हसले की विळा खाली ठेवावा लागला.

"लागेल का हे?"
"अर्धं लागतं. अर्धं जातं.
आपण येतो ना."

मग तांदळाची दारू शिंपडली, टोपी काढली,
गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.
माती गार होती.
टेकायला कपाळ होतं, भरपूर.
मागून वारा आला, त्याला जिथे जायचं तिथे गेला.

रात्री देगूला परत येऊन आंघोळ केली.
जाळीवरचे मोजले, साठला थांबलो नाही.
त्र्याहत्तर.
त्यातली दोन
गवताची पाती होती.