दोन खेपा

स्कूटर एक, माणसं चार.
मुलं लहान होती तेव्हा मावायचो,
एक पुढे उभं, एक मध्ये चेपलेलं.
आता मैथिलीचे पाय जमिनीला टेकतात,
म्हणून ऑक्टोबरातला आमचा रविवार
दोन खेपांत निघतो.

पहिल्या खेपेला कोण, यावर शनिवारी रात्रीच भांडण.
मैथिली म्हणते, मागच्या वेळी हा गेला.
अद्वय म्हणतो, तेव्हा पाऊस होता, ते धरायचं नाही.
गुरुदास नाणं उडवतो.
नाणं फ्रिजखाली जातं.
मग तिघं पोटावर पडून झाडूच्या दांड्याने
एक सुकलेली भेंडी, दोन रबरबँड
आणि जूनमध्ये हरवलेला शार्पनर बाहेर काढतात.
नाणं मिळतं तेव्हा ते उभं असतं, भिंतीला टेकून.
पुन्हा उडवा.

एवढं भांडण कशासाठी, तर
पहिल्या खेपेच्या माणसाला रायबंदरच्या धक्क्यावर
वीस मिनिटं एकट्याने उभं राहता येतं.
तसं एकट्याने नाहीच,
भज्यांच्या गाड्यावरून शेवंतीबाईंचं लक्ष असतं,
पण त्या पाठमोऱ्या तळत असतात.

आणि दुसऱ्या खेपेची माणसं
चिंबलला, घराला कुलूप लावून,
पायरीवर बसतात.
हे मला आवडतं. कुणाला सांगितलेलं नाही.
किल्ली पर्समध्ये, घर आत.
गॅस बंद केला का, दूध झाकलं का,
विचारायला आता कुणी नाही.
सोमवारी पोस्टात पुन्हा शिक्के मारायचेच आहेत.
"आई, बाबा परत आलेच नाहीत तर?"
"तर इथेच बसू."
"जेवायला?"
"डब्यात चार चपात्या आहेत."
"मग बरं," म्हणतो अद्वय,
आणि मुंग्यांची रांग बोटाने अडवू लागतो.

दुसरी खेप तिघांची,
पोलीस दिसू नये म्हणून आतल्या वाटेने.
कापलेल्या भाताचा वास, ओलं तण,
रस्त्यावर वाळत घातलेल्या पेंढ्यांना वळसा.
धक्क्यावर पोहोचतो
तेव्हा मैथिली आमच्याकडे पाठ करून उभी.
हात मागे बांधलेले.
फेरीबोट नुकतीच सुटलेली,
पाण्यावर तिची पांढरी रेघ मोडत चाललेली,
आणि ती त्या रेघेकडे बघते आहे
की पलीकडच्या चोडणकडे,
की कशाकडेच नाही.
गुरुदासचा अंगठा हॉर्नवर गेला.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
राहू दे. पुढची बोट अजून यायची आहे.

चोडणला आम्ही कारीटं शोधायला जातो.
बाजारात मिळतात, दहाला दोन.
पण गुरुदासचं म्हणणं,
विकत घेतलेल्या कारटाने नरकासुर मरत नाही.
कुंपणाकुंपणाने हिंडतो,
बांधावर बगळे, चिखलात खेकड्यांची भोकं,
घामाने पाठीला चिकटलेले कपडे.
एका गडग्यावर वेल सापडला.
अद्वयने पाच तोडली, चार मोजली,
पाचवं खिशात, गुपचूप.

दिवाळीच्या पहाटे, अंगाला तेल,
कुठेतरी फटाक्यांत जळून गेलेला कागदाचा राक्षस,
तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट: फट्.
रस जिभेला लावायचा असतो.
अद्वय थुंकला, नाचला, फोव मागितले,
दुधातले आणि गुळातले, दोन्ही आधी.
मैथिलीने जीभ लावली
आणि तोंड वाकडं केलं नाही.
गेल्या वर्षी रडली होती.
"कडू लागलं नाही?" मी विचारलं.
"लागलं की," ती म्हणाली
आणि पाय धुवायला गेली.

पाचवं कारीट
नोव्हेंबरात सापडलं, फ्रिजमध्ये,
अंड्यांच्या खणात, पिवळं, मऊ झालेलं.
कुणाचं ते विचारलं नाही.
दार लावलं.
उद्या रविवार. नाणं कुठे ठेवलंय?