रीडिंग : चारशे सतरा

मी वीज मोजतो. माणसं नाही.
पण सोळा वर्षं त्याच रस्त्यानं फिरलं
की मीटर बोलायला लागतात :
कोणाकडे पाहुणे उतरलेत,
कोणी रात्रभर पंखा लावून आजाऱ्याजवळ बसलंय.

पिंपळटोल्याला बोडीच्या पाळीला लागून
भाऊसाहेबांचं घर आहे, गुलाबी टाइल्सचं.
फाटकावर पितळी पाटी : विधानसभा सदस्य.
मीटरवर चारशे सतरा.
होळीला चारशे सतरा.
धान कापून झालं, चारशे सतरा.
पेटीच्या काचेआड पालीनं अंडी घातली,
फुटली, पिल्लं गेली,
चारशे सतरा.
मी शेरा मारतो : घर बंद.

ओसरीवर तेवढी फुलवंताबाई मोहफुलं वाळवते.
तिला कोणी सांगितलं नाही, हटकलंही नाही.
"रिकाम्या घराले बी वास पायजे, बावा."

कांता शेंडे बचत गटाची वही लिहिते.
दर पहिल्या शनिवारी मोठ्यानं वाचते :
काडीपेटी, दोन रुपये. सतरंजी धुतली, साबण दहा.
वाचलं नाही तर बाया उठत नाहीत.
त्याच सवयीनं तिनं एक दिवस
दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला
की आमच्या भाऊसाहेबांचा घरखर्च कसा काय आहे.

उत्तर चार महिन्यांनी आलं.
एकोणीस पानं, त्यातली सात काळी.
उरलेल्यांत : कायमचं निवासस्थान, मौजा पिंपळटोला.
कामकाजासाठी दुसरं घर, नागपूर, भाड्यानं.
घरमालकाच्या नावावर शाई फासलेली,
पण शाई पातळ निघाली. कागद उन्हात धरला
तर भाऊसाहेबांच्या सासूबाई स्पष्ट दिसत होत्या.

खाली एक ओळ :
प्रचलित नियमांनुसार पावती आवश्यक नाही.

ही ओळ मी तीनदा वाचली.
मागल्याच महिन्यात माझ्या प्रवासबिलातले
बावीस रुपये साहेबांनी कापले होते.
पंक्चरच्या पावतीवर शिक्का नव्हता म्हणून.
पालांदूर फाट्यावरच्या टायरवाल्याकडे
शिक्का कुठून येणार?
त्याचा ग्रीसचा अंगठा होता कागदावर, चांगला ठसठशीत.
तो चालला नाही.

कांता म्हणाली, "रूपचंदभाऊ, तुमचे आकडे लिहून द्या."
मी कंत्राटी माणूस.
बघतो म्हणालो.
बघायचं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं.

पण गावात बातमीला पाय असतात.
आठच दिवसांत एक गाडी आली, कुलूप उघडलं,
सगळ्या खोल्यांचे दिवे लावले,
पंखे लावले, गिझर लावला,
आणि पुन्हा कुलूप घालून गाडी गेली.

आता ते घर रात्रंदिवस जळतं.
पाखरं खिडक्यांवर आपटून पडतात,
बोडीतले बेडूक पायरीपर्यंत येऊन गट्ट करतात.
टोल्यावर लाइन अर्धी रात्र नसते,
पण भाऊसाहेबांना इन्व्हर्टर आहे,
म्हणून दहावीची सहा पोरं
ओसरीवर मोहफुलांच्या कडेनं बसतात
आणि भूमिती करतात.
फुलवंताबाई त्यांना ओरडते, "पाय सांभारून!"

मी गेलो तेव्हा नऊशे बासष्ट.
शेऱ्याच्या रकान्यात जागा असते दोन शब्दांची.
पेन तसंच धरून उभा राहिलो.
पोरांतली एक, उईकेची सरस्वती,
वर न बघता म्हणाली,
"काका, घर चालू हाय. मानूस नाही, लिवा."

चार शब्द जास्त झाले.
रकान्याबाहेर गेले, समासात.

शनिवारी कांतानं वही उघडली.
काडीपेटी, दोन रुपये.
भाऊसाहेबांचा उजेड, पाचशे पंचेचाळीस युनिट.
खर्च कोणाच्या नावे, ते ठरेना.
बाया बसून आहेत.