तन्ना

पत्र आलं आयर्लंडहून, क्लेअर परगण्यातून.
बाई लिहिते, माझा ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर
बार्थोलोम्यू हॅनरहन
रेल्वेच्या कामावर मुकादम होता,
तुमच्याकडेच वारला, असं घरात बोलतात.
गावाचं नाव तन्ना. थडगं मिळेल का?

तन्ना म्हणजे आम्हीच.
साहेबाच्या जिभेला ठ कधी पेललाच नाही.
आणि तिकडे दोनदा ग्रेट म्हणतात त्याला
आपण खापर म्हणतो. खापरपणजोबा.
मला आपलं बरं वाटतं. हाती तेवढंच लागतं.

मी दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढली.
मोडी शिकले ती बांधाच्या भांडणांसाठी,
कोण कुणाच्या वावरात किती हात शिरला ते सांगायला.
आता खारकर आळीत तिसऱ्या मजल्यावर,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत घातलाय.
तरी हो म्हटलं. तिच्या एका ओळीमुळे:
आमच्या देशाचं दप्तर जळालं तेव्हा
अर्धवट जळके कागद डब्लिनवर तरंगत होते,
आजीने एक झेलला, त्यावर भलत्याच कुणाचं नाव होतं.

तळ्याकाठच्या चर्चमध्ये फादर रेमेडियस,
वसईचा पोरगेला माणूस,
पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद करून
माझ्यासोबत घामाघूम बसला.
बाप्तिस्मा, सन १८६१. मुलगी, मार्गरेट.
बापाच्या नावातला ह गळालेला: अनरान.
आईच्या रकान्यात काही नाही.
नाही कसं, शाईचा एक थेंब आहे.
म्हणजे टाक टेकला होता.
मग कुणीतरी विचार करून उचलला.

दफनाचं पुस्तक तीनदा पाहिलं. तो नाही.

पुढे पावसाळाभर काहीच झालं नाही.
बाईची दोन पत्रं आली, दोन्हींत हवापाणी.
एकात, त्यांच्या गावाचं खरं नाव
मोजणीवाल्यांनी कसं चिरडलं ते.
आता त्याचा काही अर्थच होत नाही म्हणे.

दिवाळीनंतर मिठागराचा एक रुमाल सोडला,
दुसऱ्याच कशासाठी तरी. कसरीने जाळी केलेली.
हजेरीत ओळ होती:
बाळू अनराण गोरा मुकादम याची भागी,
राहणार चेंदणी, पाटी वाहणे, आणे दोन.

मोडी लिहिणारा टाक उचलत नाही.
एकदा टेकला की ओळ संपेतो चालतो.
तेवढ्याने ती राहिली असेल,
कारकुनाच्या घाईत, कुणाच्या दयेने नव्हे.

दोन पानांवर पुन्हा:
भागी, गोरा मयत, आश्विन वद्य तृतीया, आणे दीड.

अर्धा आणा.
त्याच्या मरणाची एवढीच नोंद या जगात,
तीही तिच्या मजुरीतून कापलेली.
पुढच्या साली: मार्गी, पोर, पाटी लहान.
मग रुमालच संपतो.

बाईने विचारलं होतं थडग्याचं.
भागीचं तिने विचारलेलं नाही.
क्लेअरात त्याची लग्नाची बायको होती,
चार मुलं, त्यातल्या एकाची ही.
फादर म्हणाला, लिहा. मग म्हणाला, नका लिहू.
मग चहा आला, आणि आम्ही दोघं
चेंदणीत मार्गी नावाचं कुणी निघेल का
यावरच बोलत राहिलो.

रात्री लिहायला बसले.
तारीख लिहिली, अर्धा आणा लिहिला,
त्याचं बाळू झालं होतं तेही लिहिलं.
वाटलं, तिला आवडेल.
मग तिचं नाव आलं. इंग्रजीत कसं लिहू?
भ ला काय करू?
पेन टेकून बसले कितीतरी वेळ.
थेंब पडला नाही, हल्लीची पेनं तशी नसतात.

शेवटी देवनागरीतच लिहिलं, मोठ्या अक्षरांत.
खाली समजावलं,
ओठ मिटा, आणि श्वासासकट सोडा.