पाचवा गियर

दोन लाख अकरा हजार चारशे आठ किलोमीटर,
आणि गाडीनं अजून वाशीचा टोलनाका पाहिलेला नाही.
टिळकनगर, पेस्तम सागर, छेडानगरचा सिग्नल,
आणिक डेपोपाशी रिव्हर्स, तिथून परत.
एकोणीस वर्षं.
मी कायम डाव्या सीटवर,
पायाखाली माझा वेगळा क्लच, माझा वेगळा ब्रेक,
आणि जात्यावरच्या ओवीसारखं तेच तेच:
हळू सोडा. अजून हळू. आरसा बघा.
बघा म्हणजे नुसती मान हलवू नका.

मुनाफ परकार जॅकखालून बाहेर आला.
"मॅडम, ही क्लचप्लेट कितवी?"
सातवी. प्रत्येकीची तारीख वहीत आहे.
"आणि जायचंय कुठं?"
सिरोंचाला.
"ते कुठं आलं?"
राज्य न सोडता जितकं लांब जाता येतं, तितकं लांब.
यावर त्यानं हात पुसले,
कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागं लिहायला घेतलं.
टायमिंग बेल्ट. रेडिएटरचे दोन्ही होज.
पुढचं डावं बेअरिंग गुणगुणतंय, तेही.
क्लचची केबल एक जास्तीची, डिकीत, तारेच्या वेटोळ्यासोबत.
स्टेपनी काढली तर तिच्यावर रबराचे केस तसेच,
कारखान्यातून आल्यासारखे.
मी म्हटलं, ही तरी नवी आहे.
त्यानं नख रोवून पाहिलं. रोवलं नाही.
"अकरा वर्षांची आहे. पडूनसुद्धा म्हातारं होतं, मॅडम."

टपावरचा फलक उतरवला:
गिरिजा मोटर ट्रेनिंग स्कूल, महिलांसाठी महिला शिक्षक.
खाली चार भोकं,
आणि एक आयत, अजून शोरूममधल्याच निळ्या रंगाचा.
भोकांत एम-सील भरलं. आयताचं काय करणार?

"डावीकडची पेडलं काढू ना?"
तिथं कुमुदवन्सं बसणार.
तीनदा टेस्ट नापास, तिन्ही वेळा माझ्याच हाताखाली.
फोन लावला.
म्हणाल्या, "क्लच काढ. ब्रेक राहू दे.
तुझं काय सांगता येतं?"

पहाटे पांजरापोळवरून फ्रीवेला चढले, एकटी.
उजव्या सीटला खळगा पडलाय, तो माझ्या मापाचा नाही.
शेकडो बायका इथं घामाघूम होऊन बसल्या,
एकीनं इथंच नवऱ्याला फोन करून सांगितलं, जमलं,
आणि गाडी दुभाजकावर चढवली.
एकोणीस वर्षं गियर माझ्या उजव्या हाताला होता,
तोही दुसऱ्याच्या हातावर हात ठेवून.
आज डावा हात चाचपडतो.
मुठीवरचा एक पुसलाय, दोन पुसलाय, तीन अर्धा,
पाच मात्र काल छापल्यासारखा पांढरा.
पाचवा शहरात लागत नाही, असं मी प्रत्येकीला सांगत आले.
बोगद्यातून बाहेर पडले, समोर रस्ता रिकामा,
टाकला.

इंजिन गप्पच झालं.
मला वाटलं, बंद पडली.
रिकाम्या डाव्या सीटकडे वळून म्हणाले,
"घाबरू नका, काही होत नाही."
काटा सत्तरवर. बंदराच्या क्रेन मागं मागं जात होत्या,
आणि माझा पाय, आपसूक,
नसलेल्या पेडलावर दाबलेला.

मुनाफनं शेवटचं सांगितलं:
रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा,
सकाळी तेलाचे थेंब मोजा. तीनपर्यंत चालेल.

पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन मी वाकले.
मागं वन्सं उभ्या, हातात दशम्यांचा डबा,
काखेत पाण्याचा पाच लिटरचा कॅन, रेडिएटरसाठी की आमच्यासाठी कोण जाणे.
तीन थेंब.
आणि जाहिरातीतल्या बाईच्या कपाळावर एक चौथा, बारीक.
"तो छापतानाच पडला असेल," वन्सं म्हणाल्या,
आणि कागदाची घडी घालून
त्यांनी तो दशम्यांच्या डब्याखाली ठेवून दिला.