मंगळवार पुसला जात नाही

मादालेनाच्या धक्क्यावर जून लख्ख.
समोरचं बेट इतकं जवळ
की ओर्ताच्या खिडक्या मोजाव्यात,
आणि खांबावरचा कर्णा सांगतोय :
वाऱ्यामुळे – मग एक खोकला –
आज बोट सुटणार नाही.

लोक हसत हसत बोटीत चढतात.
तिकीटखिडकीतला एव्हारिश्तु हसत नाही.
आवाज त्याचाच. खोकलाही.
मेमधल्या एका मंगळवारचा.

चकती एकच. सात वर्षं रोज पहाटे
तो ती पुसायचा, पुन्हा तिच्यात बोलायचा.
आता यंत्र म्हणतं : पुसली.
काढून परत घातली
की मंगळवार.

माझ्या दुकानात त्यानं ती आणली
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासा आणावा तशी.
म्हणाला, दिओलिंदा, हिला काहीतरी कर.

पहिली शंका मी सगळ्यांवरच घेते :
ही नक्की पुन्हा लिहायची आहे ना?
एकदाच लिहायच्या चकत्या दिसायला हिच्या सख्ख्या बहिणी;
त्यांना आठवडाभर पुसत बसलेले शहाणे पाहिलेत मी.
पण नाही, हीच होती.
आतल्या कड्यावर, भिंगाखाली दिसेल एवढ्या अक्षरांत :
वेग, एक ते चार.

मग बोटांचे ठसे. मऊ फडकं,
मधून कडेकडे, सरळ.
गोल गोल कधीच नाही,
गोल ओरखडा लेझरच्या वाटेतच आडवा पडतो.
ठशांना चीजचा वास येत होता.
एव्हारिश्तु म्हणाला, न्याहारी.

झटपट पुसून पाहिलं.
म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडायची, पानं तशीच.
तीही फाटेना.

खरं तर हिच्यात
लिहिणं म्हणजे विस्कटणं :
धातूचा ठिपका वितळवायचा
आणि सावरायच्या आत गोठवायचा.
आणि पुसणं म्हणजे त्याच कणांना
पुन्हा रांगेत उभं राहू देणं.
त्याला हवी मंद आच,
दूध आटवताना लागते तशी.
माझं नवं यंत्र दहाच्या खाली उतरायला तयार नाही.
पळत पळत कोण कुणाला समजावणार?

फिलोमेना दुत्राच्या जिन्याखाली
एक जुनं यंत्र होतं, वर लसणाच्या माळा.
रविवारच्या आत परत दे, ती म्हणाली,
कशासाठी ते मात्र सांगेना.

भिंग पुसलं. वेग दोन. पूर्ण.
चाळीस मिनिटं.

आता चाळीस मिनिटं समोरासमोर बसून काय करायचं?
इतका वेळ चकतीला पुसत होते,
त्याला काही पुसलंच नव्हतं.
तो मंगळवार कसला रे?

तो बराच वेळ यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला.
पहाटे वारा होता, म्हणाला. होताच.
मी सांगितलं, बोट नाही. कप्तान घरी गेला.
अकराला वारा पडला,
पाणी असं, ताटात ठेवल्यासारखं.
लिदुइनाच्या गुडघ्याची तारीख होती, ओर्ताच्या इस्पितळात.
ती गेली. पुढची अजून मिळाली नाही.
रोज धक्क्यावर येऊन बसते.
म्हणत काही नाही.

यंत्रानं चकती बाहेर ढकलली. गरम.
मी परत घातली :
रिकामी. सातशे मेगाबाइट.
त्यानं पैसे विचारले. मी लसणाचा एक गड्डा तेवढा सांगितला,
माळेतला माझ्याकडून तुटला होता.

ऑक्टोबरात खरा वारा आला.
एव्हारिश्तुनं कोमट पाणी पिऊन, घसा साफ करून
नीट, न अडखळता सांगितलं :
वाऱ्यामुळे आज बोट सुटणार नाही.

कुणी हलेना.
लाटा धक्क्यावरून आत येत होत्या,
लोक पिशव्या छातीशी धरून उभे.
खोकला कुठाय? कुणीतरी विचारलं.
खोकल्याशिवाय कसं मानायचं?

हळूहळू पांगले सगळे.
लिदुइना तेवढी काठी गुडघ्याला टेकवून
अकरापर्यंत बसून राहिली.