आधी पाय पसरा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
गादी घेताना उलटं करा:
आधी पाय पसरा. बूट काढून,
विक्रेत्याची भीड न धरता,
आपल्या रोजच्या कुशीवर, निदान पंधरा मिनिटं.
दुकानात सगळे उताणे पडतात,
हात पोटावर ठेवून, मेल्यासारखे.
घरी असं कोण झोपतं?

मी एकोणीस वर्षं वालपारायसोच्या पायऱ्यांवरून
नव्या गाद्या वर नेतो आणि जुन्या खाली आणतो.
नवीला काही सांगायचं नसतं, नुसतं प्लॅस्टिक करकरतं.
जुनी पाठीवर घेतली की बोलायला लागते.
कुठे कंबर टेकायची,
कुठे दोन माणसांच्या मधे
शेताच्या बांधासारखा उंचवटा राहिलाय,
कुठल्या कोपऱ्यात एक लहान मूल
बरीच वर्षं चोरून येऊन झोपत होतं.

म्हणून सांगतो, कडेवर बसून बघा.
मधला भाग सगळेच चांगला करतात.
माणूस कडेला जास्त जगतो:
एक मोजा हातात धरून,
फोन ठेवल्यावर,
समोरच्याने आधी बोलावं म्हणून थांबून.

मारिपोसा टेकडीवरचे नोल्बेर्तो आणि एदेल्मिरा
मागच्या ऑगस्टमध्ये आले.
तो पावाच्या भट्टीवर. त्याने गादी दाबली नाही, मळली,
मग बोट रुतवून
खड्डा किती वेळात भरून येतो ते पाहिलं.
"ही अजून फुगायचीय," म्हणाला.
ती इस्पितळाच्या धोबीखान्यात, रात्रपाळीला.
तिने शिवण उलटून पाहिली,
खोळ काढून धुता येते का विचारलं.
(तुम्हीही विचारा. कोणी विचारत नाही.)

मग येर्कोने आपला खेळ काढला.
एका टोकाला पाण्याचा पेला ठेवला,
दुसऱ्या टोकाला स्वतः धपकन बसला.
पाणी हललं नाही.
"शेजारचा उठला, गेला, परत आला,
तुम्हाला पत्ताही लागणार नाही,"
असं म्हणून त्याने किंमत सांगितली.

एदेल्मिरा पेल्याकडे बघत राहिली.
"रविवारची एकच रात्र मी घरी असते.
अडीचला हा भट्टीवर जायला उठतो.
आता तेवढंही मला कळू नये?"

नोल्बेर्तो बुटाची नाडी बांधत होता.
बराच वेळ बांधत राहिला.

त्यांनी मागे भिंतीला टेकवलेली स्प्रिंगची घेतली,
जिच्या या टोकाला सुस्कारा सोडला
तर त्या टोकाला पोचतो.
स्वस्त होती, हेही खरं.
शिवाय इथे जमीन अपरात्री हलते,
गादीने आधी जागं केलेलं बरं.

दोनशे अकरा पायऱ्या.
दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की गादीचं शीड होतं
आणि मी समुद्राच्या बाजूला जाऊ लागतो.
तेव्हा पोचती करायची वेळ सकाळचीच मागा,
आणि जिन्याचं वळण आधी मोजून ठेवा,
नाहीतर माझ्या तोंडून काय काय ऐकाल.

त्यांची जुनी खाली आणायला उचलली.
मला वाटलं होतं, दोन खड्डे असतील.
एकच होता, खिडकीच्या बाजूला, खोल.
बावीस वर्षं एकाने सोडलेल्या उबेत
दुसरा येऊन झोपलेला.
रविवारी दोघंही त्यातच घरंगळत असणार.

माझी पाठ त्यात नेमकी बसली.
अर्ध्या वाटेवर दम खायला थांबलो,
कुत्री पायऱ्यांवर झोपली होती, ऊन होतं,
आणि गादी खाली ठेवावीशी वाटेना.